खोडता न येणारी चोरी

सरकार, साहेब आणि सासरा या तिघांवर आयुष्यात एकदाही विश्वास न ठेवलेला माणूस भूतलावर एकच आहे, आणि माझ्या थोरल्या बहिणीने नेमकं त्याच्याशीच लग्न केलं. आमचे दाजी वायरमन होते. उभी नोकरी त्यांनी विजेच्या खांबांवर चढण्यात आणि खाली उभ्या असलेल्या साहेबांना वरून अक्कल शिकवण्यात घालवली. निवृत्त होऊन ते वेल्ह्याच्या डोंगरातल्या आपल्या नऊ घरांच्या वाडीत परतले, तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा आता गप्प भात लावील. म्हातारा ब्लॉकचेन शिकून आला होता.

पुण्याच्या एका कॉलेजातल्या प्राध्यापकबाईंना प्रयोगासाठी गाव हवं होतं. दाजींनी वाडी देऊन टाकली. वाडीला विचारायचं तेवढं राहिलं. नऊ छपरांवर सोलरच्या प्लेटा चढल्या, घरं तारांनी जोडली गेली आणि प्रत्येक घरात एक बॅटरी आणि एक डबा बसला. ज्याची वीज उरेल त्याने शेजाऱ्याला द्यायची आणि कुणी किती दिली-घेतली याची नोंद एकदम नऊही डब्यांत उमटायची. एकाने खोडायची म्हटली तर उरलेले आठ डबे त्याला खोटं पाडणार. हीच ती ब्लॉकचेन. "हितं सायब न्हाई, शिक्का न्हाई, वशिला न्हाई," दाजी दर भेटीत ऐकवत. "आन् मेव्हणं, म्या सोता म्हनलो तरी नोंद हालायची न्हाई." मी माझ्या कामथडी गावाहून आक्काला भेटायला जायचो आणि जेवायच्या आधी पोटभर ब्लॉकचेन खायचो. एकदा आक्काने घरातली चक्की जरा जास्त चालवली, तर शिल्लक संपून दाजींचंच घर बंद पडलं. आक्का पिठाच्या हातांनी दारात उभी, आणि दाजी वाडीभर सांगत हिंडतायत, "बघा, मला बी सोडलं न्हाई!" स्वतःचा पंखा बंद पडल्याचा एवढा अभिमान मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

शेजारच्या धोंडिबांची प्लेट फणसाच्या सावलीत, त्यामुळे त्यांची शिल्लक कायम शून्य. दाजींनी फांदी तोडायला सांगितली. धोंडिबा म्हणाले, "फणस माझ्या बानं लावलाय. तुमचा डबा कुणाच्या बानं लावला?" तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद.

मग एका आषाढात चार दिवस ऊन दिसलं नाही. झाड पडून सरकारी मोठी लाईनही तुटली. सगळी वाडी खाचरांत लावणीला गेली होती आणि मी दाजींच्या ओटीवर चहा पीत होतो. धोंडिबा धावत आले आणि थेट दाजींना म्हणाले, "आप्पा, चांगुणेला धाप लागलीया. वाफंचं मशीन चालंना."

शिल्लक संपलेल्या घराला वीज द्यायची, तर पाच घरांनी मोबाईलवर होकार द्यायचा, हा नियम दाजींचाच. ती पाच घरं गुडघाभर चिखलात होती. मी सवयीने टोमणा मारला, "दाजी, नियम?" त्यांनी ऐकलंच नाही. पक्कड घेऊन साठी उलटलेला तो माणूस पावसात धावत सुटला, डब्यावर स्वतः लावलेलं सील तोडलं आणि अजून थोडी वीज उरलेल्या आपल्या बॅटरीची तार थेट धोंडिबांच्या घरात जोडली. मशीन घरघरलं. धोंडिबांच्या बायकोचा, चांगुणाबाईंचा श्वास हळूहळू सुरळीत झाला, तरी दाजी पक्कड धरून तसेच उभे. इकडे नऊही डबे एकदम टिवटिवायला लागले: चोरी.

संध्याकाळी लोक परतले. "चोर कोन?" एकाने विचारलं.

"म्याच," दाजी म्हणाले.

"मंग खोडा की!"

"खोडता येत न्हाई. त्येच तर इतकी वर्सं सांगतोय तुमास्नी."

नियमाप्रमाणे चोराचं घर आठ दिवस बंद राहिलं. कुणी सूट देऊ केली, तर दाजी भांडायला उठले. आक्का तेवढं म्हणाली, "दळीन जात्यावर. पर बरं केलंत." लग्नानंतर नवऱ्याला दिलेली ही तिची पहिली शाबासकी असावी.

पुढे प्रयोगाची मुदत संपली आणि डबे बंद पडले. परवा गेलो, तर घराघरांतल्या तारा तशाच होत्या. ज्याला लागेल त्याला शेजारी वीज देतो; कुणी विचारत नाही, कुणी मोजत नाही.

"मग दाजी, नोंद कुठं ठेवता आता?" मी चिडवलं.

"नोंद लागत न्हाई आता, मेव्हणं," ते म्हणाले, आणि भिंतीवरच्या मुक्या डब्याची धूळ पंच्याने बराच वेळ पुसत राहिले.