पवनेच्या पाण्यातली गोधडी

माणूस गेलं की त्याचं अंथरूण-पांघरूण नदीत सोडायचं, ही आमच्याकडची रीत. पूर्वी ती खपून जायची. कासारवाडीच्या मागं पवना तेव्हा वाहती होती, पाण्याला ओढ होती आणि मरणारी माणसंही थोडी होती. मी पोहायला तिथंच शिकलो. डोहात मरळ सापडायची, वाम सापडायची, खडकावर कासवं उन्हाला येऊन बसायची. मग कंपन्या आल्या. मीही एकीत लागलो. वस्ती वाढली आणि सगळ्यांचं सगळं नदीत जायला लागलं. मासा आता एकच उरलाय, चिलापी. ती गटारातसुद्धा जगते.

माझी आई गेली तेव्हा तिची गोधडी वडीलधाऱ्यांनी रीतीप्रमाणे नदीला सोडली. पुढच्या उन्हाळ्यात मी आणि बायको पिंपरीच्या बाजारातून काठाकाठानं चालत येत होतो. पाणी आटलं होतं. बाभळीच्या मुळांत एक चिखलानं माखलेलं पटकूर अडकलं होतं आणि त्यावर कुत्री व्यालेली. बायको थांबली.

"अवो, ह्यो हिरवा काठ आत्याबाईंच्या लुगड्याचा हाय."

"आसंल कुणाचा तरी. चल."

"माझा टाका मला वळखू येत न्हाई व्हय?"

सासूची गोधडी तिनंच शिवली होती. तिथंच दगडावर बसली, पिशवी मांडीवर घेऊन. म्हणाली, "मी मेल्यावर माझी हितं टाकायची न्हाई. जाळा, पुरा, कुत्र्याला घाला. नदीत न्हाई."

मी म्हटलं, "कुत्र्याला तर हीबी मिळाली की."

ती हसली नाही. तिनं माझ्याकडून शब्द घेतला आणि मगच उठली.

यंदा ती गेली. दुखणं लांबलं होतं, त्यामुळं रडायलाही कुणात जोर उरला नव्हता. चाकणकडून माझी थोरली बहीण आली आणि राहिली. आम्हाला मूलबाळ नाही. स्वैपाक, आल्यागेल्याचं बघणं, मला अंघोळीला उठवणं, सगळं आक्कानं केलं. तेरावं उरकलं आणि तिनं खाटेवरच्या गोधडीकडं बोट दाखवलं.

"आरं, हे आजून घरात? जीव घुटमळतोय तिचा. नदीला सोडून ये."

"तिनं नको म्हटलं हुतं."

"मेलेल्याचं काय ऐकतोस?"

"मग मेलेलीसाठी सोडायची तरी कशाला?"

"लई शाना हाईस. ही गोधडी जाईस्तवर मी ह्या घरात घास घेणार न्हाई."

आक्काला शुगर. सकाळचा चहासुद्धा तिनं सरकवून ठेवला. दुपारपर्यंत मी बघितलं. मग गोधडीची गुंडाळी केली, खांद्यावर टाकली आणि पुलावर गेलो. दिलेला शब्द मोडायला निघालो होतो. भांडायची ताकद नव्हती.

पुलाला जाळी लावलीय, कुणी काही टाकू नये म्हणून. लोकांनी तिला भोकं पाडलीत. खाली नदी सुधारायचं काम चालू होतं. काठाला सिमेंटची भिंत, फिरायला फरशी आणि पक्ष्यांची चित्रं काढलेले फलक. चित्रात खंड्या होता. पाण्यात फेस होता आणि शेकाट्या होत्या, लाल काड्यांसारख्या पायांचे पक्षी. त्यांना घाण चालते. जलपर्णी ओढणाऱ्या बायांतल्या एकीनं वर बघितलं.

"बाबा, वरून टाकू नका. भिजल्यावर दोघींना उचलत न्हाई. खाली आणून द्या, मीच टाकते ट्रॅक्टरात."

मी उतरलो. ती मराठवाड्याकडची, तरणी, गुडघ्यापर्यंत काळी झालेली. बाजूला पाण्यातून काढलेल्याचा ढीग होता. गाद्या, उशा, गोधड्या, देवांच्या तसबिरी. वास मारत होता. तिनं माझी गुंडाळी हातानं चाचपली.

"चांगली हाय की. कुणाची?"

"बायकोची. वारली."

"मग कामून आणली हितं?" तिनं ढिगाकडं मान हलवली. "हे बघा. ह्यातली एकबी पुढं गेली न्हाई. सगळ्या हितंच येऊन अडकत्यात."

मी गुंडाळी मांडीवर घेऊन तिथंच खाली बसलो. तिला वाटलं मला चक्कर येतेय. तिनं बाटलीतलं पाणी दिलं, मी प्यालो आणि गोधडी घेऊन परत चढ चढलो.

आक्का दारातच बसली होती. माझ्या खांद्यावरचं तिला दिसत होतं, तरी विचारलं.

"सोडलीस?"

"न्हाई. सोडणार बी न्हाई. तू जेव."

ती उठली. पिशवी भरली. भाकरी करून झाकून ठेवल्या होत्या, माझ्यापुरत्याच. जाताना म्हणाली, "बायकोच्या मागं बहीण घालवलीस." चाकणच्या बसला बसवायला मी गेलो, तर तिनं पिशवी माझ्या हातात दिली नाही.

गोधडी खाटेवर आहे. मी तीच पांघरतो. आक्काला रोज फोन लावतो. वाजून वाजून बंद होतो.