कॅसेट तपासणीसाठी ठेवली आहे

बहारीनला, मनामातल्या आमच्या फ्लॅटवर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी लढाया होत. जेवणं उरकली की पुण्याचा एक अकाउंटंट आणि मी किल्ले जिंकायचो, गमवायचो, कोणाचं सैन्य कुठल्या खिंडीत चुकलं यावर तावातावानं भांडायचो. मला इतिहासाचं वेड. सुट्टीहून परतताना लोक लोणची-पापड आणत, मी पुस्तकं आणायचो. खाटेखाली बॅग ठेवायला जागा उरली नाही म्हणून खोलीतली मंडळी माझ्या नावानं खडे फोडायची.

वडिलांना हे वेड फारसं पसंत नव्हतं. आम्ही विदर्भातले बौद्ध. वडील वस्तीचे पुढारी, प्रत्येक मोर्चात पुढे. कुठल्या विहिरीवर आपल्याला पाणी भरू देत नव्हते आणि तिच्यात पहिली बादली कोणी टाकली, हे त्यांना माणसांच्या नावांसकट पाठ होतं. "राजाच्या साऱ्या पिढ्या सांगतं, आता तुह्या पणज्याचं नाव सांग बरं," असं म्हणून ते मला गप्प करत. पुढच्या सुट्टीत त्यांना समोर बसवायचं आणि सगळं टेप करून घ्यायचं, असं मी ठरवलं होतं.

ते राहिलंच. मनामाजवळ सित्र्याला आमच्या प्लँटचं दुरुस्तीसाठी शटडाऊन चालू असताना ऑफिसात भावाचा फोन आला. वडील गेले होते. पासपोर्ट कंपनीकडे, लीव्ह बंद. साहेब वाईट माणूस नव्हता. "शटडाऊन संपू दे, मग जा, इंशाल्ला," म्हणाला. अशा वेळच्या इंशाल्लाचा अर्थ तिथं पहिल्या महिन्यातच कळतो. गावाकडे वडिलांना माझ्यावाचून नेलं, तेव्हा मी स्टोअरच्या खिडकीत उभा राहून फिटरांना गास्केट देत होतो.

आखातात मुलगा असलेल्या घरांमध्ये तेव्हा एक रीतच पडली होती. लग्न असो की मयत, व्हिडिओवाल्याला बोलवायचं आणि येणाऱ्याच्या हाती कॅसेट पाठवायची. धाकट्या भावानंही तेच केलं. ऐन वेळी कोरी कॅसेट मिळेना, म्हणून घरात पडलेली माझीच एक काढून दिली. तिच्यात मी टीव्हीवरून टेप केलेला एक ऐतिहासिक सिनेमा होता. सुरुवातीचा तुकडा त्यानं मुद्दाम राहू दिला. दादाला आवडतो ना, म्हणून.

कॅसेट आणणाऱ्या रूममेटला बहारीनच्या एअरपोर्टवर अडवलं. बाहेरची कॅसेट तपासणीसाठी ठेवून घेत, हातात पावती देत. त्यात दिवस वाईट होते, तिथले लोक सरकारविरुद्ध उठले होते. सित्र्याच्या रस्त्यावर टायर जळत, आमची कंपनीची बस नाक्यानाक्यावर थांबवत. भिंतींवर अंधारात कोणीतरी काहीतरी लिहून जाई आणि उजाडेपर्यंत त्यावर पांढरा रंग बसलेला असे. बसमध्ये त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. अकाउंटंट म्हणायचा, "आपल्याला काय करायचंय? आपण पोटासाठी आलोय." तोच माणूस शुक्रवारी कुठल्या जुन्या बंडावर बोलताना टेबल बडवायचा. मला त्याची चीड यायची. हा कसला इतिहासाचा नाद, जो खिडकीबाहेर बघत नाही?

पावती घेऊन मी तपासणीच्या ऑफिसात बरेच खेटे घातले. शेवटी आत बोलावलं. अधिकारी माझ्याच वयाचा, सिनेमे बघून हिंदी शिकलेला. त्यानं कॅसेट लावली. घोडे, तलवारी, आरोळ्या. मग पडद्यावर मुंग्या आल्या आणि एकदम आमची वस्ती. निळे झेंडे, गर्दी, वर उगारलेल्या मुठी, घोषणा. त्यानं झटकन आवाज बंद केला.

"ये कौन लोग? क्या बोलता?"

"मेरे बाप का मय्यत है."

"मय्यत में नारा?"

"हमारे में देते हैं. मेरा बाप लीडर था."

लीडर हा शब्द निघाला आणि जीभ चावावीशी वाटली. त्यानं चित्र थांबवलं. तलवारी आधी, मोर्चा नंतर. त्याच्या जागी मी असतो तरी मलाही शंका आली असती. मग मी बोलत सुटलो. आम्हाला कोणी शिवत नव्हतं, पाणी कसं मिळत नव्हतं, हा निळा झेंडा कशाचा, हे कुठल्या सरकारविरुद्ध नाही. हिंदी, इंग्रजी, जे सुचेल ते. विहीर आली, पहिली बादली टाकणारा आला. बोलता बोलता लक्षात आलं, हे सगळे वडिलांचे शब्द होते. ते मला एवढे पाठ आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं.

त्याला कितपत कळलं कोण जाणे. तो पडद्याकडे बघत म्हणाला, "तू किधर है इसमें?"

"मैं इधर था. सित्रा में. ड्यूटी पे."

त्यानं कॅसेट मागे फिरवली आणि अंत्ययात्रा पहिल्यापासून लावली. तिरडी दिसली तसा तो खुर्चीतून उठून उभा राहिला. वडिलांचं तोंड दिसलं. भाऊ दिसला, फुटलेल्या मडक्यासारखा चेहरा करून. लोक जिवाच्या आकांतानं ओरडत होते आणि खोलीत एसीची घरघर तेवढी ऐकू येत होती.

"आवाज थोडा..." मी म्हटलं.

"आवाज मफी, नहीं," तो हळूच म्हणाला आणि त्यानं दाराकडे बोट दाखवलं. त्या दिवसांत तिथल्या सरकारी ऑफिसात घोषणा ऐकू येऊन चालणार नव्हतं, मग त्या कुठल्याही भाषेतल्या असोत.

चिता पेटली आणि मधेच सिनेमा परत सुरू झाला. घोडेस्वार धूळ उडवत आले. त्यानं कॅसेट काढून कपाटात ठेवली. "ये नहीं मिलेगा, भाई. ऑर्डर है. खलास."

पुढच्या शुक्रवारी मी लढाईला बसलो नाही. सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, बूथवरून घरी फोन लावला.

"दादा, पाह्यली का कॅसेट?" भावानं विचारलं.

"पाह्यली."

"आवाज बरोबर आला ना? अख्खी वस्ती घोषणा देऊन राह्यली होती. तुह्यापर्यंत पोचलं पाह्यजे म्हणून मी त्या व्हिडिओवाल्याले पार जवळ जायले लावलं."

"आला," मी म्हटलं. "सारं ऐकू आलं."