गुड्डूच्या दुकानातली गाढव-टेस्ट

गुड्डूच्या दुकानात एक ड्रॉवर आहे. बिघडलेले इअरफोन त्यात टाकायचे. एक वायर ओढली की चार आणखी निघतात, आणि पाचवी कुणाची ते कुणालाच माहीत नसतं. आमचे किस्से तसेच! सांगायला बसतो एक, हातात येतो गुंता.

दुकान ग्वाल्हेरच्या दौलतगंजात. गुड्डूचे वडील तिथे रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासून बाहेर काउंटरला लागून एक बाक आहे आणि बाकावर आम्ही पाच जण. मग रेडिओ गेले, हेडफोन आले. वडील गेले, गुड्डू बसला. आता त्यालाही टक्कल पडतंय. आणि बाकावर उरलो दोघं. एक दिनू लघाटे, कचेरीतून रिटायर झालेला, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारा. दुसरा मी. माझे पणजोबा फौजेत घोड्यांना खरारा करायचे, म्हणून दिनू मला 'सरदार' म्हणतो. शाळा मी सातवीत सोडली. मास्तरांनी पेढे वाटले! पुढे जन्मभर लग्नांना लाउडस्पीकर भाड्याने दिले. तेव्हा बेस म्हणजे काय चीज आहे ते मला विचारा.

पाच जण होतो तेव्हा कडेचा एक जण कायम अर्धा हवेत असायचा. आता आम्ही दोन टोकांना बसतो आणि मध्ये पिशव्या ठेवतो.

*

गिऱ्हाईक येतं आणि एका दमात सांगतं, "कान दुखे नहीं, बेस तगड़ा हो, और बाहर की आवाज़ बिलकुल ना आए!"

एवढ्या अटी मी जावई शोधताना घातल्या नव्हत्या!

पण गुड्डू त्याला माझ्याकडे पाठवतो, कारण माझ्या तीन परीक्षा आहेत. पहिली कचोरीची. हेडफोन घालून समोरच्या ठेल्यावरची एक कचोरी खायची. चावताना कानाच्या पाळ्या दुखल्या तर तो सेट परत. दुसरी बेसची. डोळे मिटून गाणं लावायचं. ढोल कानात वाजला तर साधा माल, छातीत वाजला तर घे डोळे मिटून, नाहीतरी मिटलेलेच आहेत! तिसरी परीक्षा बाहेरच्या आवाजाची. गिऱ्हाइकाने हेडफोन घालून समोर बघायचं. मी मागे उभा राहून हळूच म्हणणार, "गधा कहीं का." वळला तर सेट नापास.

एकदा आले एक दरोगा, म्हणजे पोलीस फौजदार. साध्या कपड्यांत होते, मला काय माहीत? मी आपला मागे उभा राहिलो आणि परीक्षा घेतली.

दरोगा सावकाश वळले. "क्या बोला?"

गुड्डू काउंटरखाली गेला. दिनूने पेपर तोंडावर धरला, तोही उलटा.

मी म्हटलं, "साहब, ये वाला बिलकुल मत लीजिए!"

*

आमच्या गल्लीतल्या सुमतीकाकूंनी मात्र एकही परीक्षा दिली नाही. जानेवारीत आल्या. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, सकाळी तोंड धुताना दात आपले वाटत नाहीत! काकूंनी पाच-सहा सेट दाबून बघितले आणि सगळ्यात जाड गादीचा उचलला.

आठवड्याने मंदिराबाहेर दिसल्या. डोक्यावर पदर, पदरावर हेडफोन, हेडफोनवर शाल.

"बेस कसा आहे काकू?"

"छान ऊब आहे रे!"

"आणि गाणी?"

"गाणी कशाला? त्याला फोन लागतो ना. माझ्याकडे फोन कुठे आहे?"

*

दिनूला त्याच्या मुलाने पुण्याहून हेडफोन पाठवले. दिनू रोज बाकावर बसून प्रवचन ऐकायचा आणि दुसऱ्या मिनिटाला पेंगायचा. मला ते बघवेना. एक दिवस मी माझ्या फोनमध्ये आवाज जाड करून दोन वाक्यं भरली. दिनूचा डोळा लागल्यावर गुड्डूने खटपट करून त्याचे हेडफोन माझ्या फोनला जोडून दिले.

"दिनकर... सामान बांध... वरून बोलावणं आलंय!"

दिनूने डोळे उघडले, हेडफोन उतरवले. आभाळाकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "आधी सरदाराला न्या महाराज! माझं अजून अर्धं सामान बांधायचंय."

कचोरीवाल्याने झारा खाली ठेवून टाळी दिली. सगळ्यात जास्त मी हसलो. हसता हसता दिनूकडे बघितलं, तर तो घाईघाईने परत हेडफोन घालत होता.

अर्धं सामान म्हणजे? त्याचा मुलगा दोन वर्षं मागे लागला होता, बाबा, पुण्याला या, एकटे राहू नका. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "कुठे निघालायस का रे?"

"हो. दाल बाज़ारात. तूर संपलीय."

आमच्यात सरळ कोण बोलतंय? चूक माझीच. त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं, तेव्हाही मी मुलाकडच्यांची नक्कल करून अख्खा बाक हसवला होता. दिनूही हसला होता. पण त्यानंतर त्याने मला घरचं काही सांगितलं नाही.

*

मग मी एक युक्ती काढली. दिनू नसताना गुड्डूला म्हटलं, "एक ऐसा दे, जो दिखे मोटा, लेकिन सुनाई सब दे."

"चाचा, लोग उल्टा माँगते हैं! ये वाला लगाओगे तो पूरा दौलतगंज सुनाई देगा."

"यही दे."

फोनला जोडायचाच नाही. नुसता घालायचा आणि मान डोलवायची. माणूस बहिरा दिसला की लोक त्याच्यादेखत खरं बोलतात! आधी घरी करून बघितलं. तीन दिवस डोलत बसलो. सून मुलाशी सिलेंडरचं बोलली, नळाचं बोलली. नातू फोनवर हिंदीत मित्राशी भांडला. म्हातारा वैताग आहे, म्हातारा खोकतो, काहीतरी म्हणतील की नाही?

तीन दिवसांत माझ्याबद्दल कुणी वाईटसुद्धा बोललं नाही!

*

चौथ्या दिवशी तेच हेडफोन घालून बाकावर जाऊन बसलो. डोलायला लागलो. दिनू आला. माझ्याकडे बघितलं, पिशवी मध्ये ठेवली आणि गुड्डूला विचारलं, "इसको सुनाई दे रहा है क्या?"

मी काउंटरखालून गुड्डूच्या पायावर पाय दिला.

"नहीं पंडितजी," गुड्डू म्हणाला. "बेस फुल है."

दिनू उठला. माझ्या मागे येऊन उभा राहिला. म्हटलं, आता गाढव म्हणणार. बऱ्याच दिवसांचं उट्टं काढणार!

"सरदार," तो हळूच म्हणाला, "सोमवारी जातोय रे. पुण्याला. कायमचा. घर विकलं. तुला तोंडावर सांगितलं असतं, तर तू काहीतरी बोलून हसवलं असतंस, आणि मग माझा पाय निघाला नसता."

वळलो तर सेट नापास. मी डोलत राहिलो.

दिनू पुढे आला. गुड्डूला म्हणाला, "अच्छा सेट है. मुझे भी यही दे दे."

"पंडितजी, आपके पास तो बढ़िया वाला है, इसमें तो..." गुड्डू बोलता बोलता थांबला. माझ्याकडे बघितलं. मग मुकाट्याने डबा फोडून दिला.

दिनूने चष्मा काढला, हेडफोन घातले, चष्मा परत घातला. फोन त्याच्या पिशवीत होता आणि पिशवी बाकावर. त्याने समोरच्या कचोरीच्या ठेल्याकडे तोंड केलं आणि ताठ उभा राहिला.

म्हणजे आता माझी पाळी. मी माझे हेडफोन काढून गळ्यात अडकवले. त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. पांढरी कॉलर, कडक इस्त्री, तेल लावून बसवलेले चार केस. गाढव म्हणायला तोंड उघडलं.

"नको जाऊस, दिनू."

ठेल्यावर कढईत कचोऱ्या फुगत होत्या. एक घाणा निघाला, दुसरा पडला. दिनू वळला नाही.

मग समोरच बघत, अख्ख्या दौलतगंजाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने तो म्हणाला, "गुड्डू, कुछ भी सुनाई नहीं दे रहा! एक नंबर माल है!"