होयबांची गटचर्चा

आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान आहे आणि अख्खी गल्ली ह्यांना होयबा म्हणते. काही चुकीचं नाही म्हणत. खुर्चीतला माणूस काहीही बरळो, ह्यांचं एकच, "बरोबर आहे." एक म्हणाला सरकार चांगलं. बरोबर आहे! तो उठला, दुसरा बसला, म्हणाला सरकार भिकार. तेही बरोबर आहे! मी चिडले की म्हणतात, "अगं, हातात वस्तरा असताना वाद घालू? गिऱ्हाईक मान हलवतं."

मी लग्नानंतर दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मूल तान्हं. ह्यांना विचारलं, "सोडू ना?" काय म्हणाले असतील, तुम्हीच सांगा.

तर वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ह्यांनाच पदवीची हौस आली. संध्याकाळच्या कॉलेजात नाव घातलं. लेखी पेपर सगळे सुटले, गटचर्चेत मात्र दोनदा आपटले. आठ जणांनी टेबलाभोवती बसून एका विषयावर बोलायचं आणि बाई मार्क देणार. हे उरलेल्या सातही जणांना 'बरोबर आहे' म्हणून आले! बाईंनी शेरा मारला, 'स्वतःचं मत नाही.' आता तिसरी आणि शेवटची संधी. हुकली की तीन वर्षं पाण्यात.

माझं डोकंच फिरलं. रोज दुपारी दुकान बंद करून ह्यांना गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवायचे.

"म्हणा, मला पटत नाही."

"पटत... तसं बघायला गेलं तर तुझंही..."

"तुझंही काय, कर्म माझं! पृथ्वी चौकोनी आहे. आता बोला!"

हे कान खाजवत म्हणाले, "असतील कुठे कुठे कोपरे."

परीक्षेला विषय निघाला, मोबाइलमुळे माणसं दुरावली का? सगळे एकदम ओरडायला लागले. ह्यांनी म्हणे सवयीनं शेजारच्या गृहस्थांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मान सरळ केली. गृहस्थ गप्प. ते बघून सगळेच गप्प! मग हे बोलले, "ह्या म्हणतात दुरावली, हे म्हणतात जवळ आली. सगळ्यांचं ऐकलं. पण मोबाइलला दोष देणं मला पटत नाही. माझ्या खुर्चीत माणूस मोबाइल खिशात ठेवून बसतो. तरी वीस वर्षांत मी त्याच्याशी एक वाक्य मनातलं बोललो नाही."

विसात अठरा मार्क!

निकाल घेऊन घरी आले ते सरळ स्वयंपाकघरात. मी भांडी घासत होते. म्हणाले, "तू कॉलेज सोडलंस, ते मला पटलं नव्हतं. तेव्हाही नव्हतं. बोललो नाही, चुकलं माझं." आणि खिशातून प्रवेशाचा अर्ज काढून ओट्यावर ठेवला. वर माझं नाव लिहिलेलं.

असा संताप आला मला! वीस वर्षं! तेव्हा एकदा तोंड उघडलं असतं तर काय जीभ झडली असती? हे सगळं तोंडाशी आलं होतं, पण डोळेच भरून आले. शेवटी कसंबसं एवढंच निघालं, "बरोबर आहे."

"असं नाही चालायचं," हे म्हणाले, "मार्क जातात."