नलूताईंच्या घराच्या चौदा पायऱ्या

घर बांधायला काढलं की विटा-वाळूच्या आधी किस्से येऊन पडतात. आमच्या समोरच्या बिऱ्हाडाचं तसंच झालंय. अजून पाया खणलेला नाही, पण किस्से दोन मजले वर गेलेत!

डोंबिवली ईस्टला आमची जुनी बिल्डिंग. तीन मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोन दारं, एक माझं, एक अण्णा आणि नलूताईंचं. दोन्ही दिवसभर उघडी. त्यामुळे मी काही मुद्दाम ऐकत नाही हां, ऐकू येतं.

नलूताईंचे गुडघे गेलेत. काठी घेऊन चालतात, पण पायरी आली की संपलं. डॉक्टरांकडे जाणं सोडलं तर दोन वर्षांत त्या खाली उतरलेल्या नाहीत. म्हणून अण्णांनी मनावर घेतलं. कल्याणच्या पुढे, मलंगगडाच्या बाजूला त्यांनी फार पूर्वी एक प्लॉट घेऊन ठेवलेला. तिथे घर बांधायचं. हट्ट एकच, नलूताईंनी खोलीतून उठावं आणि अंगणात जाऊन बसावं.

*

प्लॉट घेतला तेव्हा त्यावर कमरेएवढं गवत होतं म्हणे. वरून सगळं एकसारखं दिसलं, अण्णा खूश! यंदा गवत कापलं आणि आम्ही बघायला गेलो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडीत जागा होती.

रस्ता वर, प्लॉट त्याच्या खाली, आणि प्लॉटच्याही खाली ओढा. मुलगा महेश म्हणाला, "अण्णा, हा तर चढ आहे!"

"थोडासा उतार आहे," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात सूनबाई अश्विनीने चहाचा थर्मास खाली ठेवला. तो आडवा झाला, गडगडायला लागला, आणि आम्ही चौघं बघत असताना थेट ओढ्यात!

अण्णांनी चष्मा पुसला. "बघ, पाणी कुठे म्हणून साचणार नाही!"

शेजारच्या गोठ्यातल्या दोन म्हशी मात्र कडेकडेने, वळसे घेत, आरामात रस्त्याकडे चढत होत्या. अण्णा ओरडले, "हॅट! उद्या या आमच्या हॉलमधून जातील!"

*

आर्किटेक्ट मुलगी नौपाड्याची, अश्विनीच्या ओळखीतली. वयाने लहान, पण विचारते नीट. पहिल्याच दिवशी वही उघडून म्हणाली, "काका, काकू, घरात बसल्या जागेवरून तुम्हाला काय दिसायला हवं?"

आम्हाला वाटलं, आता डोंगर, झाडं, सूर्योदय असं काहीतरी येईल.

अण्णा म्हणाले, "गेट. कोण आलंय ते कळायला हवं."

नलूताई म्हणाल्या, "गॅस. दूध उतू जातं."

मुलीने दोन्ही लिहून घेतलं. मग माझ्याकडे वळली, "आणि तुम्हाला?"

"अगं, ती या घरात राहणार नाहीये," अण्णा म्हणाले, "म्हणजे असं आमचं मत आहे!"

*

कागदावर खोल्या कळेनात. मग महेशने आयडिया काढली, गच्चीवर खऱ्या मापाने घर आखायचं. रविवारी सकाळी टेप आणि खडू घेऊन आम्ही वर. खडू संपला तशी मी रांगोळी आणली. दोन तासांत हॉल, किचन, दोन बेडरूम, पुढे अंगण, सगळं तयार! बिल्डिंगमधली माणसं घर बघायला यायला लागली.

"अहो, भिंतीतून काय येताय? दार तिकडे आहे!"

"सॉरी हां, सॉरी." माणूस मागे फिरून खरंच दारातून आला!

पहिल्या मजल्यावरचे कुलकर्णी म्हणाले, "संडासाचं दार हॉलमध्ये उघडतंय." ताबडतोब संडास पुसून मागे नेला. मी किचनमध्ये उभं राहून पोळ्या लाटून पाहिल्या, कोपर भिंतीला लागत होतं. भिंत एक फूट सरकवली. घर कसं झकास जमलं. नलूताईंना गच्चीचा जिना चढता येत नाही, म्हणून अश्विनीने व्हिडिओ कॉलवर त्यांना घरभर फिरवलं.

सगळं बघून झाल्यावर नलूताई म्हणाल्या, "छान आहे हो. पण यात उतार कुठे काढलाय?"

आम्ही सगळे त्या सपाट लादीकडे बघत राहिलो!

*

भराव घालून प्लॉट सपाट करावा का? मुलगी म्हणाली, "खालच्या बाजूला दोन पुरुष उंच भिंत बांधावी लागेल. आणि अंगणाच्या टोकाला थेट दरी."

अण्णांच्या मेव्हण्यांना वास्तुशास्त्रात गती. ते ठाण्याहून, कोपरीवरून खास आले. म्हणाले, "उतार ईशान्येला हवा. हा नैर्ऋत्येला आहे. फिरवायला लागेल."

मुलगी हळूच म्हणाली, "काका, डोंगराचं तोंड फिरवता येत नाही हो."

"मेव्हण्याचं येतं," अण्णा म्हणाले, आणि त्यांना पोहे खायला आत घेऊन गेले.

*

मग मुलीने थर्माकोलचं मॉडेल आणलं. सुरेख. घर उतारावर टप्प्याटप्प्याने उतरत गेलेलं. सगळ्यात वर, रस्त्याच्या लेव्हलला नलूताईंची खोली. त्याखाली हॉल, मग किचन, मग अंगण.

सगळे वा वा करत होते. नलूताईंनी दोन बोटं मॉडेलमधल्या त्यांच्या पलंगावर उभी केली आणि चालवायला लागल्या. खोलीतून हॉल, चार पायऱ्या. हॉलमधून किचन, पाच पायऱ्या. किचनमधून अंगण, पुन्हा पाच. शेवटच्या पायरीच्या आधीच बोटं थांबली.

"चौदा," त्या म्हणाल्या. "तुम्ही बांधा. मी इथेच बरी आहे."

चिडल्या नाहीत, काही नाही. उठून आत गेल्या. अण्णा कितीतरी वेळ मॉडेलसमोर बसून होते. नखाने थर्माकोलची एक पायरी खरवडून काढत होते.

*

अण्णा ऐकणारे नव्हेत. म्हणाले, "एकदा जागा बघ. मग नाही म्हण."

पुढच्या रविवारी नलूताईंना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवायला घेतलं. महेश, कुलकर्णी आणि आणखी दोघं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडलेली, "डावीकडे घ्या, डावीकडे घ्या!" नलूताई मांडीवर पर्स धरून ताठ बसलेल्या.

दुसऱ्या मजल्यावर खुर्ची जराशी कलली. त्या म्हणाल्या, "गणपतीला नेतात तसं नेताय, ते ठीक आहे. विसर्जन तेवढं करू नका!"

*

शिळफाटा रोडचं ट्रॅफिक पार करून प्लॉटवर पोहोचलो. गोठ्याच्या बाजूने गाडी खालपर्यंत जाते, म्हणून ओढ्यापासून थोडं वर, सपाटशी जागा बघून त्यांची खुर्ची मांडली. अण्णा मला म्हणाले, "मंगल, तू हिच्याजवळ बस. हलू नकोस."

मी बसले. खरंच बसले. पण मधोमध उभं राहून अण्णा, महेश, अश्विनी आणि आर्किटेक्ट टेप धरून वाद घालत होते, आणि अर्धंच ऐकू येत होतं. किचन वर न्यायचं की खोली खाली? रेलिंग की छोटी लिफ्ट? मी म्हटलं, जरा जवळ जाऊन ऐकावं. पाच मिनिटं.

पाच मिनिटांचा पाऊण तास झाला असेल. पायऱ्या चौदाच्या अकरा झाल्या, अकराच्या पुन्हा बारा. अण्णांचा आवाज चढला, "मला एक पण पायरी नको!" आणि ते खाली वळले.

खुर्ची रिकामी.

पहिला विचार माझ्या मनात थर्मासचा आला! सगळे धडपडत ओढ्याकडे धावलो. महेश "आई! आई!" करतोय, अण्णा ओढ्याच्या काठावर वाकून बघतायत.

तेवढ्यात डोक्यावरून आवाज आला, "खाली काय शोधताय?"

वर, पार रस्त्याच्या कडेला, आंब्याच्या सावलीत नलूताई उभ्या. एका हातात काठी, दुसरा हात म्हशीच्या पाठीवर. मागे म्हशींची ती कडेकडेने, वळसे घेत वर आलेली वाट.

"अगं, तू वर गेलीस कशी?" अण्णा खालून ओरडले.

"चालत."

"चालत कशी? इथे एक पायरी नाही!"

"म्हणून तर आले," नलूताई म्हणाल्या.