पापड लाटता लाटता पाहिलेली मालिका

नवऱ्याने बायकोच्या कानशिलात भडकावली आणि मागे हळूच बासरी वाजू लागली, तर तुम्ही डोळे पुसाल की उठून टीव्ही बंद कराल?

आमच्या द्वारका चौकामागच्या कॉलनीने एके काळी डोळे पुसले होते. मी शाळेत होते. आमच्या घरी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून जेवावं लागे, सभा-मोर्चांशिवाय आठवडा जात नसे. पण ती मालिका लागली की आईसुद्धा पत्रकांच्या घड्या घालायची थांबे. नायिका मार खाई, सोसे, आणि कॉलनीभर तिच्या सोशिकपणाचं कौतुक होई.

परवा चैत्रातल्या दुपारी तीच मालिका पुन्हा पाहिली, शेजारच्या शोभाकाकूंकडे पापड लाटताना. गच्चीवर हिरव्या जाळीतून गाळून आलेलं ऊन, हिंग-मिऱ्यांचा नाकात झोंबणारा वास, गोल करून बसलेल्या बायका आणि मधोमध डब्याला टेकवून ठेवलेला मोबाइल. त्यावर नायक अवतरला, तशी हास्याची लाट उसळली.

"काकू, याच्यासाठी उपास धरायचात ना तुम्ही?"

"तेव्हा देखणा वाटायचा गं मेला! आता बघ, साठवणीच्या चाळीतल्या कांद्यासारखा. वरून लालबुंद, आतून नासका."

सगळ्या हसल्या, काकूंची वैशूताई तेवढी हसली नाही. देवळ्याला दिलेली ही लेक महिन्यापूर्वी मनगटावर काळेनिळे वळ घेऊन माहेरी आली होती. रविवारी सासरचे न्यायला येणार होते, आणि काकूंनी तिची ओटी भरायला खण-नारळ आणूनही ठेवला होता.

आणि नेमका तोच भाग लागला. पडद्यावरची आई मुलीची ओटी भरत होती, बासरी आर्त होत होती, मुलगी पुन्हा त्याच उंबऱ्याकडे निघाली होती. लाटणी एकेक करत थांबली. माझ्या ओठांवर आख्खं भाषण आलं. माझ्या संतापाला लहानपणापासून घोषणांचीच चाल. ते ओळखून शेजारी लाटत बसलेल्या माझ्या आईने तेलात बुडवलेली लाटी माझ्या तोंडात कोंबली. उडदाचं ते चिकट पीठ टाळूला बसलं की क्रांतीलासुद्धा थांबावं लागतं.

त्या शांततेत वैशूताई म्हणाली, "आई, हिच्या आईला माहीत होतं ना, तो मारतो ते?"

काकूंनी तेलकट बोटाने मालिका थांबवली. त्या जिना उतरून खाली गेल्या. त्यांच्या पोळपाटावर लाटी अर्धवट लाटलेली. वैशूताईने ती आपल्याकडे ओढली आणि लाटायला घेतली. पापड गोल होत होता.

मग खालून नारळ फुटल्याचा आवाज आला.

काकू वर आल्या त्या खोबऱ्याच्या तुकड्यांची ताटली घेऊन. "घ्या गं, लाट्यांबरोबर छान लागतं," म्हणाल्या. पहिला तुकडा त्यांनी लेकीच्या हातावर ठेवला. "ओटीचा होता. रविवारी येऊ देत त्यांना. चहा पाजीन, लेक नाही पाठवायची." मग पदराने कपाळ टिपत जरा हळू, "जिन्यात भेटेल ती विचारायची, वैशाली कधी जाणार? त्यानेच घाई केली मी."

जमलेल्या निम्म्या बायकांनी माना खाली घातल्या. पण वैशूताई खोबरं चावत खुदकन हसली, डोळ्यांतलं पाणी न पुसताच, आणि त्या हसण्याने सगळ्यांचीच सुटका केली. लाटणी पुन्हा फिरू लागली. मालिका तशीच थांबलेली राहिली; पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ होतं, आणि इथे पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या न ठाऊक असण्यात केवढा मोकळा वारा होता!

म्हणून एवढंच करा. तुमच्या शेजारी कुणाची लेक माहेरी येऊन राहिली असेल, तर परत कधी जाणार असं तिला विचारू नका. तिला घरात बोलवा, तिच्याजवळ बसा, आणि ती बोलेल तेव्हा ऐका.