मालकाच्या हातातच

तळ्याकाठच्या त्या गावाचं नाव कधी वर चढलं आणि कधी उतरलं, हे नगरपालिकेच्या आधी मावशींना कळायचं. मावशी म्हणजे बसस्टँडमागच्या लाँड्रीवाल्या. गावातल्या अर्ध्या हॉटेलांच्या चादरी आणि पाहुण्यांचे कपडे त्यांच्याकडे यायचे. भिजवण्याआधी खिसे तपासायचे, सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर खोलीचा नंबर लिहायचा आणि वस्तू मालकाच्या हातातच द्यायची, हा सासूने घालून दिलेला नियम. सासू बाकी सगळ्या बाबतीत खाष्ट होती, पण तिचं हे एवढं मावशींना पटलं होतं.

पहिली पंचवीस वर्षं खिशांतून तळ्यातले गोटे निघायचे, होडीची तिकिटं निघायची, अर्धवट लिहिलेली पत्रं निघायची. एकदा एका नवरोबाच्या खिशात बायकोची माफी मागणारी चिठ्ठी सापडली. मावशी ती द्यायला गेल्या, तर दार बायकोनेच उघडलं. तरी तिच्या हातात दिली नाही. नवरा आंघोळ करून येईपर्यंत दारात उभ्या राहिल्या.

मग मोठा रस्ता झाला. आठ तासांवरचं शहर चार तासांवर आलं. कुत्र्याच्या छत्र्यांसारखी हॉटेलं उगवली, पण गटारं बांधायचं कुणाला सुचलं नाही. सगळी घाण तळ्यात. नळाला गढूळ पाणी येऊ लागलं, चादरी पिवळ्या निघू लागल्या आणि मॅनेजर म्हणायला लागले, "मावशी, तुमच्या हाताला आता पहिली सर नाही." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच वाकडं होतं, पण ऐकतो कोण? ज्या तळ्यासाठी लोक यायचे, त्यात पाय बुडवायलाही कुणी धजेना. ते लोक यायचे बंद झाले. मग ज्यांना तळ्याशी काही देणंघेणंच नव्हतं, ते यायला लागले. खिशांतून आता नखाएवढ्या प्लास्टिकच्या पुड्या निघू लागल्या.

मावशींनी त्याही नियमाप्रमाणे पाकिटांत घातल्या. बाई तशी चतुर, पण पांढरी पूड म्हणजे औषध, यापलीकडे तिची मजल गेली नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या सुट्टीत मुलगी नातीला घेऊन राहायला आली होती. मुलगी शहरातल्या दवाखान्यात नर्स. नात पाच वर्षांची. फळीवरची पाकिटं खाली घेऊन ती दुकान-दुकान खेळत बसली होती. मुलगी चहा घेऊन आली, तर पोरीच्या हातात पुडी, आणि ती उघडायला दात लावलेले.

मुलीने पुडी हिसकावली. कप फुटला.

"आई, हे काय आहे, माहितेय तुला?"

"बारा नंबरवाल्याचं औषध असेल. खोकत होता बिचारा. द्यायचंय त्याला."

मुलगी खाली बसली. पुडीत काय होतं ते तिने दोन वाक्यांत सांगितलं. संध्याकाळच्या बसने दोघी गेल्या. घाईत नातीचा निळा फ्रॉक भिजवायच्या ढिगातच राहिला.

मावशींनी त्या दिवसापासून पुड्या थेट पोलीस चौकीत द्यायला सुरुवात केली. चौकीवाले कंटाळले. पण उपयोग काय? गावाचं नाव वर्तमानपत्रांत यायचं ते येतच राहिलं, आणि जावई प्रत्येक बातमी बायकोला वाचून दाखवत राहिला. रस्ता इतका गुळगुळीत की पोटातलं पाणी हलत नाही, बस तासातासाला, आणि मावशींच्या दारात मात्र कुणी उतरत नव्हतं. बस आली की त्या इस्त्री उभी करून बाहेर बघायच्या. कामाला असलेल्या बायकांना सांगायच्या, जरा वारा घेते.

दरवर्षी सुट्टीच्या तोंडावर त्या फ्रॉक पुन्हा धुवायच्या. पाणी गाळून घ्यायच्या, नीट इस्त्री करायच्या. यंदाही केली आणि रविवारी फोन लावला.

"तो आता तिला बसणार नाही गं," मुलगी म्हणाली. "देऊन टाक कुणाला तरी."

"कधी येताय?"

"आई, नको ना तोच विषय. तू इकडे ये."

मावशी गेल्याही असत्या. पण त्यांना नात आपल्या घरात हवी होती. फळीवर काहीही उरलं नाही, हे मुलीने डोळ्यांनी बघायला हवं होतं. तेवढ्यात नातीने फोन घेतला.

"आजी, माझ्या फ्रॉकच्या खिशात काही होतं?"

"होतं की. पाकिटात घालून ठेवलंय. तुझं नावही लिहिलंय."

"काय आहे?"

"फोनवर नाही सांगायचं. मालकाच्या हातातच द्यायचं असतं."

"शंख आहे? आजी, सांग ना. पेन्सिल?"

"येऊन बघ."

पलीकडे कुजबुज झाली. मग मुलीचा आवाज आला, थोडा नरम.

"आई, ही आता माझं डोकं खाणार. खरंच काय आहे त्यात?"

"तूसुद्धा येऊन बघ," मावशी म्हणाल्या.

मुलगी 'नाही' म्हणाली नाही. "बघते," म्हणून तिने फोन ठेवला.

मावशींनी कपाटातून पाकीट काढलं आणि उघडून पुन्हा एकदा पाहिलं. आत लिमलेटच्या गोळीचा चुरगळलेला कागद होता. तेवढ्यासाठी चार तासांवरून कोण आलं असतं?